टेंट ओढ्याकाठी लावावा की वर? आणि कॅरीमॅट खरंच लागते का?

तुमचा प्रश्न असा: चौघं पहिल्यांदाच दोन रात्रींच्या कॅम्पिंगला चाललाय, चार माणसांचा टेंट पुरेल का, जागा पाण्याजवळची बघावी की उंचावरची, सामान काय न्यावं. आणि शेवटी एक ओळ जोडली आहे: "ग्रुपमधला अनुभवी मित्र म्हणतो, स्लीपिंग बॅग चांगली असेल तर कॅरीमॅटची गरज नाही, उगाच सॅक फुगते." ती शेवटची ओळ वाचली आणि मी लिहायला बसले.

कॅरीमॅट, म्हणजे झोपताना खाली अंथरायची फोमची गुंडाळी, घ्या. माणशी एक. वजन कमी करायचं तर बाकी काय काढायचं ते काढा, मॅटला हात लावू नका.

हेच वाक्य मी ११ वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाकडून ऐकलं होतं. ऐकलं, आणि सॅकला बाहेरून बांधलेली मॅट सोडून गाडीत ठेवून दिली. तेव्हा माझे सगळे मिळून सात-आठ मुक्काम झालेले, दादाचे चाळीसेक. त्यामुळे शब्द त्याचा चालायचा. दादा, त्याचा एक जुना मित्र, त्याच्या ऑफिसातला एक मुलगा आणि मी, असे चौघं. तो मुलगा आमच्यात सगळ्यात लहान, पहिल्यांदाच बाहेर झोपणार होता. दोन-दोन माणसांचे दोन टेंट. थंडीची सुरुवात होती. आभाळ निरभ्र राहील, वारा नसेल असा अंदाज होता आणि त्यावर आम्ही सगळे खूश होतो. निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा या दोन्ही गोष्टींनीच ती रात्र वाईट जाणार आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चार तास चालून पाचच्या सुमाराला आम्ही पोचलो. ओढ्याच्या वळणावर तळहातासारखी सपाट हिरवळ होती, तीन बाजूंनी चढ, मधे ती खोलगट जागा. बघताक्षणी कुणालाही तिथेच सॅक टाकावीशी वाटेल अशी. मी मात्र गवतावरून हात फिरवला तर हात ओला झाला. ऊन अजून डोंगराच्या वरच्या सोंडेवर होतं आणि इथे खाली दव पडायला लागलं होतं. मी सॅक ठेवून एकटी वर चढून आले. ओढ्यापासून चाळीसेक मीटर उंचीवर सोंडेला एक छोटा टप्पा होता. जमीन थोडी खडबडीत, मागे बुटकी झाडं, हलका वारा, गवत कोरडं. खाली येऊन म्हटलं, दादा, वर जाऊ या.

त्याने तीन कारणं सांगून मला गप्प केलं. पाणी हाताशी आहे. इथे वारा लागत नाही. आणि वर गेलं की थंडी वाढते, एवढं तर शाळेत शिकलीस ना? दोघं हसले. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देते.

उंचीबरोबर तापमान उतरतं हे खरं आहे, पण ते सरासरी दर हजार मीटरला साधारण ६.५ अंश. चाळीस मीटरचा हिशोब केला तर पाव अंश होतो. निरभ्र, निवांत रात्री खोलगट जागेत जे घडतं त्यापुढे हा पाव अंश काहीच नाही. ऊन गेलं की जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत सुटते. वर ढग नाहीत, झाडाचं छत नाही, मग ती परत येत नाही. जमिनीला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड, आणि जड हवा पाण्यासारखीच उताराला लागते. तीन बाजूंच्या चढांवरची सगळी थंडी रात्रभर घरंगळत त्या हिरवळीवर येऊन साचते. वारा असता तर ती ढवळली गेली असती. "वारा लागत नाही" हे दादाचं दुसरं कारण त्या रात्रीपुरतं जागेचा दोष होता. ओढ्याकाठची हवा मुळातच दमट, ती गार झाली की दव, दवानंतर धुकं. म्हणून पाणी हाताशी असणंही महागात पडतं. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहावं असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं ते पाणी घाण होऊ नये आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडू नये म्हणून. पण झोपणाऱ्याच्या हिताचंही तेच आहे. दोन बाटल्या आणि एक घडीची पाणपिशवी भरून वर न्यायला दहा मिनिटं लागतात.

रात्री झोपताना दादाने दोन्ही टेंटच्या खिडक्या बंद करायला लावल्या, ऊब राहील म्हणून. हेही चूक. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर पाणी सहज बाहेर टाकतो. ते जाणार कुठे? टेंटच्या गार कापडाला लागून त्याचे थेंब होतात. दीडच्या सुमाराला माझ्या कपाळावर थेंब पडला तेव्हा मला पाऊसच वाटला. टॉर्च लावली तर आतलं छत चमचमत होतं. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक कापडाला टेकून ओलं झालेलं.

पण खरी थंडी वरून येत नव्हती, खालून येत होती. ज्या कुशीवर झोपावं ती कंबर आणि तो खांदा दहा मिनिटांत बधिर. हे शांतपणे समजून घ्या, तुमच्या मित्रालाही समजावा. स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. तिच्या भरणात अडकलेली हवा तुमची ऊब धरून ठेवते. तुम्ही बॅगेत झोपलात की तुमच्या वजनाने खालचा भरणा चेपतो, हवा निघून जाते आणि शरीर व जमीन यांच्यामध्ये जवळजवळ नुसतं कापड उरतं. बॅग कितीही महाग असो, पाठीखाली ती अशीच चेपणार. तिथे काम करते ती मॅट, कारण फोमच्या बंद कप्प्यांतली हवा वजनाने निघून जात नाही.

आणि बॅगेवरच्या आकड्याचं सांगते, कारण दादा आजही त्या आकड्याचा दाखला देतो. आमच्या बॅगांवर मोठ्या अक्षरात शून्य अंश लिहिलेलं होतं. स्लीपिंग बॅगांसाठीच्या आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जे आकडे काढतात ते आतून तापवलेल्या मानवी पुतळ्याला बॅगेत झोपवून काढतात, आणि त्या पुतळ्याच्या अंगात आतले कपडे असतात आणि खाली मॅट असते. म्हणजे तो आकडाच मॅट धरून आहे! मॅट काढली की आकडा गेला. शिवाय आकडे तीन असतात. कम्फर्ट हा सर्वसाधारण स्त्रीला निवांत झोप लागेल असा, लिमिट हा पुरुषाला अंग आखडून कशीबशी झोप लागेल असा, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्यापुरता, त्यातही अंग गारठण्याचा धोका धरून. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बरेचदा लिमिटचा असतो. आमचाही होता. तुम्ही कम्फर्टचाच आकडा बघा.

अडीचच्या सुमाराला शेजारच्या टेंटची चेन कुणीतरी परत परत ओढत असल्याचा आवाज आला. मी बाहेर आले. तो मुलगा लघवीला उठला होता आणि परत आत जायला त्याला चेन उघडत नव्हती. बोटं चालत नव्हती. मी विचारलं, बरा आहेस ना? तो काहीतरी म्हणाला आणि मला ते कळलं नाही. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकलेले, अंग थडथड उडत होतं. पायमोजे दवाने चिंब. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो ओळखायला थर्मामीटर लागत नाही: कापरं, अडखळतं बोलणं, न चालणारी बोटं, लटपटणारे पाय. मी दादाला उठवलं.

दादा म्हणाला, अगं पहिल्यांदा आलाय, थंडी वाजते, झोपू दे, सकाळी ऊन आलं की ठीक होईल. मी ऐकलं नाही. मग त्याने काय केलं, तर स्टोव्ह घेतला आणि त्या मुलाच्या टेंटमध्ये नेऊन पेटवला, चेन लावून, आत ऊब यावी म्हणून. ज्योत धड येत नव्हती. डब्यात साधा ब्यूटेन होता. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, तापमान त्याच्या जवळ आलं की डब्यातून वायू धड बाहेर येत नाही, आणि जळताना डबा आणखी गार होत जातो. पिवळी, मंद, अर्धवट जळणारी ज्योत, ती बंद कापडात. मी चेन उघडली, स्टोव्ह उचलून बाहेर आणला. दादा माझ्यावर ओरडला, लोकांसमोर ओरडला. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. आधीच गुंगीत असलेला मुलगा त्यात कधी गेला हे आम्हाला सकाळी कळलं असतं. टेंटच्या आत काहीही पेटवायचं नाही. यावर मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही, मग त्याचे चाळीस मुक्काम असोत की चारशे.

डबा जॅकेटच्या आत पोटाशी धरून दहा मिनिटं गरम केला, बाहेर उघड्यावर पाणी तापवलं. त्या मुलाचे ओले मोजे काढले, माझे कोरडे लोकरी मोजे आणि टोपी घातली, गोड करून गरम पाणी प्यायला दिलं. मग दोन स्लीपिंग बॅगा खांद्यावर टाकल्या आणि त्याला हाताला धरून हळूहळू सोंडेवर नेला. दादाचा मित्र मागोमाग आला, बोलला काही नाही. अर्ध्या चढावर मला चेहऱ्यावर ऊब जाणवली. खरंच ऊब. थंड पाण्यातून डोकं बाहेर काढावं तशी. माझ्या सॅकच्या पट्ट्याला छोटा थर्मामीटर असतो. खाली त्याने २ अंश दाखवले होते, वर ६. चाळीस मीटरमध्ये चार अंश, आणि तेही उंचीवर जास्त.

वर मॅट नव्हतीच, म्हणून चारही सॅक रिकाम्या करून त्या जमिनीवर पसरल्या, त्यावर दोराची वेटोळी, जादा कपडे, त्यावर तो. मधे कपड्याचा थर देऊन गरम पाण्याची बाटली छातीशी. साडेपाचला त्याचं कापरं थांबलं आणि बोलणंही सरळ झालं. दोन्ही एकदम झालं म्हणून माझ्या जिवात जीव आला. बोलणं अडखळत असतानाच कापरं थांबलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नसतं, बिघडण्याचं असतं. हे पाठ करून जा.

या रात्रीची गोष्ट आमच्या घरी अशी सांगितली जाते: हिला थंडी सोसली नाही, मध्यरात्री सगळ्यांना उठवून डोंगर चढायला लावला. चार माणसं जमली की दादा सांगतो आणि सगळे हसतात. मी ११ वर्षं गप्प आहे, कारण मोठा भाऊ आहे. पण थंडी मला सोसली होती. मी उठले ती त्या मुलासाठी. आणि जागा पहिल्यांदा मी सांगितली होती ती बरोबर होती, मॅट मी घेतली होती ती बरोबर होती. आमच्यासोबत त्या ट्रिपला कुऱ्हाड होती, घडीची खुर्ची होती, तीन किलोचं जाड भांडं होतं. ४०० ग्रॅमच्या मॅटचं मात्र वजन होत होतं.

आता तुमच्या कामाचं.

मॅट घेताना आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा, जास्त तितकी मॅट उबदार. २०१८ पासून ती मोजायची एक सामाईक पद्धत आहे, त्यामुळे ती पद्धत पाळणाऱ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. साध्या बंद फोमची मॅट २च्या आसपास असते, उबदार रात्रींना पुरते. शून्याच्या जवळ जाणार असाल तर ४च्या आसपास हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते, म्हणून फोमच्या दोन पातळ मॅटही चालतात. आत नुसती हवा भरलेली जाड गादी मऊ लागते पण आतली हवा फिरत राहते, तिचा आकडा जेमतेम १. मऊपणाला भुलू नका. फोमची मॅट फुटत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जागा शोधायला अंधार पडायच्या दीड तास आधी लागा, निदान एक तास. सगळ्यात खालची जागा नको, शिखरही नको, उताराचा मधला टप्पा हवा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीच नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर पडावा लागत नाही, वर कित्येक किलोमीटरवर पडला तरी लोंढा तुमच्यापर्यंत येतो. मान वर करून बघा, वाळलेली फांदी अडकलेली असेल तर तिथून हला, मग वारा असो वा नसो. टेंट लावण्याआधी रिकाम्या जमिनीवर दोन मिनिटं स्वतः आडवे व्हा, डोळ्याला न दिसलेला उतार पाठीला लगेच कळतो. खाली अंथरायचं प्लास्टिक टेंटच्या तळापेक्षा थोडं लहान ठेवा, बाहेर आलेली कड पावसाचं पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. खिडक्या उघड्या ठेवा, थंडी असली तरी.

सामानात झोपायचे कपडे वेगळे, बंद पिशवीत, आणि ते दिवसा कितीही गारठलात तरी घालायचे नाहीत. सुती कपडे झोपायला नकोत, ओले झाले की लवकर वाळत नाहीत. हेडटॉर्च माणशी एक. गॅसचा डबा आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला घ्या, आयसोब्यूटेन उणे १२च्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ला. सॅक तुमच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड होऊ देऊ नका, जड वस्तू पाठीला लागून मधोमध भरा. आणखी याद्या हव्या असतील तर पुष्कळ मिळतील, त्यात मी भर घालत नाही.

एक राहिलं. सोंडेवरची जागा दरवेळी बरोबर असं मी म्हणत नाही. जोराचा वारा असेल तर तो खालच्या जागेपेक्षा जास्त हाल करतो, तेव्हा झाडोऱ्याच्या किंवा मोठ्या खडकाच्या आडोशाला, पण पाण्यापासून लांब. गडगडाट असेल तर सोंडेवर थांबायचंच नाही. वीज दिसल्यापासून आवाज यायला किती सेकंद लागले ते मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा, तीस सेकंदांच्या आत आला तर वेळ घालवू नका. आणि उन्हाळ्यात तीच गार हवेची खोलगट जागा सुखाची वाटू शकते, पाऊस नसेल तर. दादाबद्दलही एवढं सांगायला हवं की मला गाठी त्याने शिकवल्या, नकाशा वाचायला त्याने शिकवला. तो निष्काळजी माणूस नाही. त्याच्या चाळीस रात्रींत अशी रात्र त्याआधी आली नव्हती, एवढंच. तुमच्या मित्राचंही तसंच असेल.

टेंटचं विचारलं होतं. चार माणसांचा म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटर रुंदीच्या चार मॅट शेजारी शेजारी, मधे बोटभर जागा नाही, सॅक बाहेर. एकाने कूस बदलली की चौघं जागे. दोन-दोनचे दोन घ्या, सपाट जागाही लहान लागते, त्यामुळे मनासारखी मिळते. निघण्याआधी एकदा अंधारात लावून बघा. आणि मित्राने शेवटपर्यंत ऐकलं नाही, बिनमॅटचाच आला, तर त्याच्या टेंटमध्ये पहिल्यांदाच येणाऱ्याला झोपवू नका.